आयकार्ड एका कंपनीचं, पगारपत्रक दुसऱ्याचं: नव्या गाडीवर कॉर्पोरेट सवलत नक्की कुणाला मिळते?

गोदाकाठ | १८ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

सगळ्यांना नमस्कार. चार वर्षं इथले धागे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. पाडवा चार दिवसांवर आलाय म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

मी वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. सात वर्षं झाली. राहायला बजाजनगरला, गाव पैठण तालुक्यात. दसऱ्याला घरची पहिली चारचाकी बुक केली, छोटी सीएनजी गाडी. सेल्सवाल्या पोराने गळ्यातलं आयकार्ड बघून स्वतःच विचारलं, "दादा, तुम्ही अमुक कंपनीत का? मग कॉर्पोरेट बसतं तुम्हाला." मोबाईलवर कार्डाचा फोटो काढला आणि कोटेशनवर पेनने लिहिलं, कॉर्पोरेट १२,०००. कर्ज, डाउन पेमेंट, सगळं गणित त्या आकड्यावर बसवलं.

परवा फोन आला की पगारपत्रक पाठवा. पाठवलं. तासाभरात उत्तर आलं, "तुमची कंपनी लिस्टमध्ये नाही, बारा हजार निघणार."

झालंय असं की मी ठेकेदाराकडून आहे. कार्डावर वर कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे, खाली बारीक अक्षरात 'थ्रू' आणि पुढे एजन्सीचं नाव. कायम कामगारांच्या कार्डाची दोरी निळी, आमची पिवळी. मशीन तेच, शिफ्ट तीच, कँटीनचं ताटही तेच. पगार मात्र एजन्सीच्या खात्यातून येतो.

सप्टेंबरच्या पावसात गावाकडची दोन एकर सोयाबीन पाण्यात गेली, तिथून काही यायचं नाही. त्यामुळे बारा हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. मला हक्काने काही मागता येतं का? आणि ही सवलत देताना बघतात तरी काय?

---

परभणीवासी | ७.४८

दादा, कोटेशनवर शोरूमचा शिक्का आहे का? पेनने लिहिलेलं असलं तरी शिक्का आणि सही असेल तर धरून बसा. कागद हरवू नका.

---

जुना_क्लेमवाला | ८.३५

गोदाकाठ, सविस्तर लिहितो. मी संभाजीनगरातच एका शोरूमला सहा वर्षं क्लेमच्या टेबलावर होतो, आता दुसऱ्या व्यवसायात आहे. ही सवलत आतून कशी चालते हे कळलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

कॉर्पोरेट सवलत शोरूम स्वतःच्या खिशातून देत नाही. ती मुख्यतः गाडी बनवणाऱ्या कंपनीची योजना असते. कुणाच्या नोकरदारांना सवलत द्यायची याची तिच्याकडे यादी असते: सरकारी खाती, बँका, सार्वजनिक उपक्रम, मोठ्या खासगी कंपन्या. यादीत श्रेण्या असतात, त्यामुळे एकाला जास्त मिळते, दुसऱ्याला कमी. कोणत्या मॉडेलवर किती हे महिन्याला बदलतं. शोरूम ती रक्कम तुम्हाला आधी देऊन टाकतं आणि मग कंपनीकडे क्लेम लावतं. क्लेमच्या फाईलमध्ये आयकार्ड, ताजं पगारपत्रक किंवा एचआरचं पत्र, गाडीचं बिल आणि नोंदणीचा कागद लागतो. चारही ठिकाणी नाव जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर क्लेम परत येतो आणि ते पैसे शोरूमच्या अंगावर पडतात. बऱ्याचदा त्या पोराच्या इन्सेंटिव्हमधून कापतात. म्हणून बुकिंगच्या वेळी "होऊन जाईल" म्हणणारा माणूस बिलाच्या वेळी कडक होतो.

आता मूळ प्रश्न. आयकार्डाने फक्त तुम्ही कोणत्या गेटमधून आत जाता ते कळतं. क्लेम तपासणारा बघतो की तुम्ही कुणाच्या पगारपत्रकावर आहात. तुमच्या पीएफ पासबुकवर आस्थापनेचं नाव काय आहे ते उघडून बघा. फॉर्म १६ मिळत असेल तर कर कापणारा म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघा. दोन्हीकडे एजन्सीच असेल, तर योजनेच्या भाषेत तुमची कंपनी ती एजन्सी. कारखाना यादीत असून तुम्हाला उपयोग नाही.

वाईट वाटतं सांगताना. माझ्या टेबलावरून अशा पिवळ्या दोरीच्या कितीतरी फाइली परत गेल्यात. शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या बनतात, वाळुजात बजाजच्या, बिडकीनला टोयोटाही यायची आहे. हजारो पोरं या भागात गाड्यांच्याच कामावर आहेत, आणि त्यातली किती ठेकेदाराकडून आहेत ते तुम्ही रोज बघता.

---

वाळूज_टू_बीड | ९.०२

गोदाकाठ भाऊ, एवढं टेन्शन कशाला? घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, मेव्हणा, साडू कुणीही, गाडी त्याच्या नावावर घ्या. वर्षभराने करून घ्या आपल्या नावावर. आमच्या कॉलनीत दोघांनी असंच केलंय.

---

हिशेबनीस | ९.२०

वाळूज_टू_बीड, हा सल्ला मनापासून दिला असेल, पण कुणीही घेऊ नका. मी लातूरला कर सल्लागाराकडे काम करते, असे गुंते रोज येतात.

गाडी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तो. उद्या रस्त्यावर काही अघटित घडलं तर नोटीस मेव्हण्याच्या दारात. कर्ज गोदाकाठ यांचं आणि गाडी मेव्हण्याची, असं बँक चालू देणार नाही, म्हणजे कर्जही त्याच्या नावावर आणि त्याच्या सिबिलवर. वर्षाने नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचं ना-हरकत पत्र, आरटीओची फी, विमा वेगळा बदलायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी दिल्यावर मूळ मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं. लोक ते करत नाहीत आणि मग अपघाताच्या दाव्यात दोन घरं अडकतात. शिवाय नाव बदललं की गाडीचे दोन मालक झाले, विकताना भाव पडतो. बारा हजारांसाठी हे सगळं?

---

वाळूज_टू_बीड | ९.४१

ताई, कर्जाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही. बरोबर आहे तुमचं. सल्ला मागे घेतो.

---

अंबडची_गुरुजीबाई | १०.१५

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, जालना जिल्हा. आम्ही गेल्या वर्षी गाडी घेतली तेव्हाचं सांगते, सरकारी नोकरदारांना उपयोग होईल.

यांचं मोबाईलचं दुकान आहे. गाडी यांच्या नावावर घ्यायची ठरली होती आणि कर्जही मंजूर झालं होतं. मग कळलं की सवलत मला आहे, यांना नाही. काही कंपन्यांत जोडीदाराच्या नोकरीवरही देतात, पण आमच्या गाडीला ती सोय नव्हती. म्हणून बुकिंगच्या आधीच कर्जाचा अर्ज पुन्हा माझ्या नावाने केला. पंधरा दिवस गेले.

खरी अडचण त्यानंतर आली. माझ्या सेवापुस्तकात माहेरचं नाव, शालार्थच्या (शिक्षकांच्या पगाराची सरकारी प्रणाली) पगारपत्रकावर तेच नाव. आधारवर आणि बँकेत सासरचं. शोरूमवाले म्हणाले, ही दोन माणसं आहेत. विवाह नोंदणीचा दाखला दिला, चालला नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारीख टाकून पत्र दिलं की अमुक आणि तमुक या एकच व्यक्ती, आमच्या शाळेत कायम सेवेत. सोबत मी नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडलं. तेव्हा कुठं फाईल पुढं सरकली.

माझ्यासारख्या बायका आपल्याकडे खूप आहेत. राजपत्रात नावबदल करून घेतला असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर शोरूमला जायच्या आधी सगळे कागद एका ओळीत मांडून नाव वाचून बघा, अगदी एकेक अक्षर.

---

जुना_क्लेमवाला | १०.३२

गुरुजीबाईंनी लाखातलं सांगितलं. आमच्याकडे परत आलेल्या फाइलींमध्ये सगळ्यात मोठा ढीग नावाच्या फरकाचाच असायचा. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही फाईल परत यायची.

एक राहिलं. हल्ली काही कंपन्या कामाच्या ईमेलवर ओटीपी पाठवून खात्री करतात. ऑफिसातल्या माणसाला ते सोपं, मशीनवर उभ्या असलेल्याला कंपनीचा ईमेलच नसतो. अशा वेळी एचआरच्या सही-शिक्क्याचं पत्र चालतं का ते आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं.

---

उदगीरकर_मिशिगन | ११.५०

मूळचा उदगीरचा, सध्या डेट्रॉईटजवळ असतो. इकडे हा प्रकार फार जुना आणि बराच उघड आहे, म्हणून लिहितो.

फोर्डच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना 'ए प्लॅन', आणि फोर्डशी जोडलेल्या भागीदार कंपन्यांच्या लोकांना 'एक्स प्लॅन'. जनरल मोटर्सकडे कर्मचाऱ्यांसाठी वेगळी आणि पुरवठादार कंपन्यांच्या माणसांसाठी वेगळी सवलत. तुम्ही पात्र असाल तर कंपनीच्या वेबसाइटवरून एक पिन नंबर काढायचा आणि तो शोरूमला द्यायचा. शोरूम त्या योजनेत सामील असावं लागतं. किंमत गाडीच्या इन्व्हॉइसवरून, म्हणजे शोरूमला ती ज्या भावाने पडते त्यावरून, सूत्राने ठरते, त्यामुळे घासाघीस जवळपास नसतेच. २००५ च्या जूनमध्ये जनरल मोटर्सने कर्मचाऱ्यांचाच भाव सगळ्या ग्राहकांना खुला केला, पुढच्या महिन्यात फोर्ड आणि क्रायस्लरनेही तेच केलं. यंदा २०२५ च्या एप्रिलमध्ये फोर्डने पुन्हा तशी योजना आणली.

मी स्वतः पुरवठादार कंपनीत आहे आणि तशीच गाडी घेतली. गोदाकाठ, इथल्या पद्धतीत तुमचा कारखाना पार्ट पुरवतो म्हणून पात्र ठरू शकला असता. तरीही तुमची गाठ इथेही सुटली नसती. माझ्या शेजारच्या डेस्कवर एजन्सीतून आलेला एक जण होता. त्याच्या एजन्सीचं नाव यादीत नव्हतं, त्याला पिन मिळाला नाही. काम माझ्याइतकंच करायचा.

---

फौजी_लातूर | दुपारी १२.४०

इथे कुणी माजी सैनिक वाचत असेल तर ध्यानात घ्या, आपलं कँटीनचं खातं निराळं आहे. सीएसडीतून, म्हणजे लष्कराच्या कँटीन खात्यातून, गाडी घेतली की जीएसटी निम्मा लागतो. सीएसडीच्या ऑनलाइन एएफडी पोर्टलवर (गाड्यांसारख्या महाग वस्तूंसाठीचं) अर्ज, शोरूमकडून प्रोफॉर्मा म्हणजे आगाऊ बिल, पैसे शोरूमला न देता सीएसडीच्या खात्यात, मग सीएसडी शोरूमला पुरवठ्याचा आदेश काढते. विमा आणि आरटीओ तेवढं बाहेर भरायचं. हुद्द्याप्रमाणे गाडीच्या किमतीला मर्यादा आहे. वेळ लागतो, दसरा-पाडव्याच्या मुहूर्ताला धरून बसू नका. आणि कँटीनच्या बिलावर वरून कॉर्पोरेट मागायला गेलात तर नाही म्हणतील.

गोदाकाठ पोरा, तुझ्या घरी कुणी फौजेत असेल तरी त्याच्या कार्डावर तू गाडी घेऊ नकोस. ताईंनी वर सांगितलंय तेच.

---

हिशेबनीस | १.२५

सवलत मिळाली तर ती बिलावर कुठे येते हेही बघा, नाहीतर आकडा तोंडी राहतो.

बिल करतानाच सवलत बिलात दाखवली तर जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना, म्हणजे चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल किंवा सीएनजीला १,२०० सीसीपर्यंतच्या, १८ टक्के आहे. शोरूमवाला "बारा हजार" म्हणतो तेव्हा विचारा, करासकट की कराआधी? करासकट असेल तर बिलात मूळ किमतीतून सुमारे १०,१६९ वजा होतील आणि उरलेले १,८३१ कराचे. दोन्ही पद्धती चालतात, फक्त आपल्याला माहीत असावं.

काही जण सवलत बिलावर न दाखवता ॲक्सेसरी देतात. मॅट, सीट कव्हर, मडगार्ड. त्याला कॉर्पोरेट सवलत म्हणू नका, ते वेगळं.

आणि विमा. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, गाडी कंपनीच्या यादीतल्या किमतीच्या ९५ टक्के धरतात, तुम्हाला सवलत मिळाली म्हणून ती खाली आणायची नसते. विमा शोरूमकडूनच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. बाहेरून दोन कोट आणून समोर ठेवा, फरक तिथेच दिसेल.

---

गोदाकाठ | ३.०५

सगळ्यांचे आभार. पीएफ पासबुक बघितलं, एजन्सीचंच नाव आहे. कोटेशनवर शिक्का आहे, सही नाही. बायको राष्ट्रीय आरोग्य अभियानात नर्स आहे, पण तीही कंत्राटी. घरात दोघं कमावतो आणि दोघंही कंत्राटी, हे आज पहिल्यांदा असं समोर आलं.

दुपारी शोरूमला जाऊन मॅनेजरला भेटलो. चढ्या आवाजात बोललो नाही. कोटेशन समोर ठेवलं आणि सांगितलं की मी काही लपवलं नव्हतं, कार्डाचा फोटो तुमच्या माणसाने स्वतः काढला. 'थ्रू' त्यावरही लिहिलेलं आहे. ते म्हणाले, बघतो.

---

जुना_क्लेमवाला | ३.३०

गोदाकाठ, दोन गोष्टी.

एक, बिलाची तारीख. योजना बिलाच्या महिन्याची लागते, बुकिंगच्या नाही. ऑक्टोबरमध्ये बिल झालं तर ऑक्टोबरचे दर. ओढाताणीत गाडी नोव्हेंबरवर गेली तर जे बोलणं झालंय ते सगळं नव्याने.

दुसरी महत्त्वाची. तुम्ही गाव पैठण तालुक्यात म्हणालात, दोन एकर म्हणालात. सातबारा कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच कंपन्यांची ग्रामीण ग्राहकांसाठी वेगळी योजना असते, 'रूरल ऑफर' म्हणतात. शेतकरी, ग्रामपंचायत सदस्य वगैरेंना. रक्कम बहुधा कॉर्पोरेटपेक्षा कमी असते आणि दोन्ही एकत्र मिळत नाहीत. पण तुम्हाला कॉर्पोरेट नाहीच, मग ही का सोडायची? अट एकच, सातबाऱ्यावर तुमचं स्वतःचं नाव हवं. वडिलांचं चालेल असं सांगतील, पण बिलाच्या वेळी फाईल पुन्हा त्याच जागी अडकेल.

---

गोदाकाठ | ४.१२

आजोबा वारल्यावर वारस फेरफार झाला होता. वडील त्यांच्या आधीच गेले, म्हणून चुलते, आई आणि माझं नाव लागलंय. सहहिस्सेदार आहे. पण आज धनत्रयोदशी, तलाठी कुठं भेटणार?

---

अंबडची_गुरुजीबाई | ४.२०

तलाठ्याकडे जायचंच नाही. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढा, एका प्रतीला १५ रुपये. सगळीकडे चालतो. आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा उतारा) पण काढून ठेवा. आणि नाव आधारशी जुळतंय का ते आधी वाचा!

---

गोदाकाठ | २३ ऑक्टोबर, रात्री ९.४०

गाडी आली. पाडव्याच्या दिवशी दुपारी.

सातबारा त्याच संध्याकाळी काढला. नाव जुळलं, फक्त आजोबांच्या वेळचं आडनाव एका ठिकाणी ऱ्हस्व होतं, ते माझ्या ओळीत नव्हतं. रविवारी सकाळी कागद नेले. मॅनेजरने कंपनीत विचारून सांगितलं, रूरल ऑफर बसते, ७,००० रुपये. उरलेल्या पाच हजारांबद्दल मी शिक्क्याचं कोटेशन पुन्हा समोर ठेवलं. त्यांनी शोरूमच्या बाजूने ३,००० दिले, बिलात वेगळी ओळ करून. विमा बाहेरून घेतला, तिथेही वाचले. हिशेबनीस ताई, दोन्ही सवलती बिलात कराआधी दाखवल्यात, मी तिथेच बसून वाचलं.

आई गावाहून आली होती. तिने बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं उठवली आणि मागच्या सीटवर बसून पैठणपर्यंत एक शब्द बोलली नाही. नाथांच्या दर्शनाला गेलो होतो.

जुना_क्लेमवाला, तुम्ही सातबाऱ्याचं विचारलं नसतं तर मी काही मागायला गेलोच नसतो. आता एक शेवटचं विचारतो. आमच्या लाइनवर पिवळ्या दोरीचे चौदा जण आहेत, त्यातल्या तिघांना पुढच्या वर्षी गाडी घ्यायची आहे. सगळ्यांकडे शेती नाही. एजन्सीचं नाव यादीत घालता येतं का?

---

जुना_क्लेमवाला | १०.०५

अभिनंदन! येतं. एजन्सीच्या एचआरने गाडी कंपनीच्या कॉर्पोरेट विक्री विभागाला पत्र लिहायचं. त्यात कंपनीचा नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक, पीएफ भरला जाणाऱ्या कामगारांची संख्या आणि पत्रावर सही करायचा अधिकार कुणाला आहे त्याचं नाव. तुमच्या एजन्सीकडे या एकाच कारखान्यात शेकडो माणसं असतील, गाडी कंपनीला तेवढे ग्राहक नको असतात असं नाही. शोरूमच्या मॅनेजरकडूनही पत्र पुढे पाठवता येतं, त्याचीही विक्री वाढते. मसुदा हवा तर मला निरोप करा, करून देतो.

---

गोदाकाठ | १०.११

निरोप केलाय. सोमवारी दुसऱ्या शिफ्टच्या आधी चौदाही जण एचआरला भेटायला जातोय. संख्येच्या जागी काय आकडा लिहायचा ते तिथेच विचारून घेतो.